परसातलं रान : कळलावी, सापकांदा आणि झोपलेल्या कुंड्या

वळवाचे ढग दिसायला लागले की रानझाडांची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं मी मुद्दाम पुणे शहरातलीच निवडली आहेत. सह्याद्रीची झाडं पुण्यात लावणाऱ्याची अडचण वेगळी असते. घाट दीड-दोन तासांवर असला तरी तिथला पाऊस इथे येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर आपल्याकडे सातशे-साडेसातशे. मी मूळचा घाटाजवळच्या वेल्ह्याकडचा आणि आता धायरीत रानझाडांची छोटी नर्सरी चालवतो. दोन्हीकडची माती हातात असल्यामुळे हा फरक मला रोज दिसतो.

प्रश्न : आम्ही सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात कळलावीचा कंद लावला. गौरी-गणपतीत इतकी फुलली की शेजारचे बघायला आले. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून वेल वाळली. पुन्हा फुटेल म्हणून मी रोज थोडं थोडं पाणी घालत राहिले. आता उकरून पाहिलं तर आत नुसता लगदा! झालं काय? आणि घरात दोन वर्षांची नात आहे. ही वेल विषारी असते म्हणतात, ते खरं का?

ताई, दिवाळीत तुमची कळलावी मेली नव्हती, झोपली होती. त्या झोपेत पाणी मिळत राहिलं म्हणून कंद कुजला. पुण्यात कळलावीचे बहुतेक कंद असेच जातात, आणि तेही प्रेमानेच.

आपल्या डोंगरातल्या पावसाळी कंदांचं वर्ष चार-साडेचार महिन्यांचं असतं. मृगात डोळा फुटतो. हस्ताचा पाऊस संपेपर्यंत पान, फूल, फळ, बी सगळं उरकायचं असतं. उरलेले महिने कंद जमिनीखाली पडून राहतो. जानेवारीत आमच्याकडच्या बांधावर पहार मारली तर खणकन आवाज येतो, इतकी माती कोरडी असते. त्या कोरडेपणातच कंद सुरक्षित राहतो, कारण ओल नसली की बुरशीही वाढत नाही. आपण रोज तांब्याभर पाणी घातलं की बुरशी जागी होते. कंद मात्र झोपलेला असल्यामुळे त्याला ते पाणी वापरताच येत नाही.

कळलावीचं आणखी एक ध्यानात घ्या. वेल वाढवण्यात जुना कंद पूर्ण खर्ची पडतो आणि त्याच्या शेजारी त्याच हंगामात नवा कंद तयार होतो. तो दोन फाट्यांचा, बेचकीच्या आकाराचा असतो. या नव्या कंदात साठा भरतात ती पानं. म्हणून फुलं संपल्यावर वेल ओबडधोबड दिसते म्हणून कापू नका. पानं आपसूक पिवळी होईपर्यंत तिला राहू द्या, तोवर पाणीही चालू ठेवा. पानं पिवळी पडली की पाणी बंद, अगदी पूर्ण बंद. कुंडी सावलीत, अवकाळी पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवा आणि मे महिन्यापर्यंत तिच्याकडे पाहू नका.

नवा कंद घेताना प्रत्येक फाट्याचं टोक बघून घ्या. डोळा फक्त टोकाला असतो. टोक मोडलेलं असेल तर तो फाटा कितीही जाडजूड असला तरी फुटत नाही. बाजारात पिशवीत कोंबलेले कंद मिळतात, त्यांत हे नेहमी दिसतं. रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे २५ मेच्या आसपास, खोल मातीच्या कुंडीत कंद आडवा ठेवा आणि वर दोन-तीन इंच माती घाला. मातीत दोन भाग बारीक मुरूम, एक भाग पोयटा आणि एक भाग चांगला कुजलेला पाला असू द्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालू नका. ते ओल धरून ठेवतं, आणि या झाडांना तेच सोसत नाही. कोंब वर आल्याशिवाय पाणी नको. कोंब आल्यावर मात्र हात आखडायचा नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडते आणि कुंडीतली माती दोन दिवसांत सुकते. घाटात त्या दिवसांत धुकं तरी असतं, आपल्याकडे वारा असतो. तेव्हा उघडिपीत रोज पाणी.

आधाराला जाड बांबू लावू नका. कळलावी पानाच्या टोकाने चढते. पानाचं टोक लांब होऊन गुंडाळतं आणि बारीक काडी पकडतं. तुरीच्या वाळक्या काटक्या किंवा छाटलेल्या मेंदीच्या फांद्या कुंडीत खोचा. फूल उमलताना हिरवट पिवळं असतं, मग नारिंगी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर हे सगळे रंग एका वेळी दिसतात. कोकणात या फुलांना गौरीचे हात म्हणतात. माझ्या लेखी आपल्या मातीत याहून देखणं फूल नाही, आणि परदेशी लिलीचे महागडे कंद विकत घेणाऱ्यांना मी दरवर्षी हे तोंडावर सांगतो.

आता नातीचं. हो, खरं आहे. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, कंदात आणि बियांत विशेष. औषध कंपन्या ते काढून घेतात आणि संधिवातासारख्या गाऊट या दुखण्यावर मोजून मापून देतात. पण घरात कुणाच्या पोटात कंद गेला तर जीवावर बेतू शकतं. तसं कधी झालं तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. दोन वर्षांचं मूल माती उकरतं, तोंडात घालतं. म्हणून नात मोठी होईपर्यंत तुम्ही कळलावी लावू नये, असं मी स्पष्टच सांगेन. यंदा त्या कुंडीत रानहळद लावा. तिचा गुलाबी-जांभळा तुरा आणि त्यातून डोकावणारी पिवळी फुलं तुम्हाला आवडतील. झोपेचे नियम तेच आहेत, त्यामुळे हातही बसेल.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, दर पावसाळ्यात ट्रेकला जातो. ताम्हिणीत जूनमध्ये फणा काढलेल्या नागासारखी पांढरी फुलं दिसली. नाव सापकांदा असं कळलं. तिथे शेकड्याने होती. एखादा मोठा, दमदार कंद काढून आणला तर बाल्कनीत जगेल का?

जगेलही कदाचित. पण दादा, काढू नका. ताम्हिणी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथून झाड उपटून आणणं हा गुन्हा आहे. मात्र एवढं सांगून मी थांबणार नाही. कायद्याची भीती घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत टिकते. सापकांद्याचं आयुष्य समजलं तर तुमचा हात आपणहून मागे येईल.

या कुळातली झाडं नर की मादी हे जन्माला ठरत नाही, कंदातल्या साठ्यावर ठरतं. कंद लहान असताना झाड नुसतं पान काढतं. थोडा साठा जमला की फूल येतं ते नराचं, कारण पराग करायला फारसा खर्च नसतो. कंद भरदार झाला की तेच झाड मादी होतं आणि बी धरतं. बी धरण्यात साठा उपसला गेला तर पुढच्या वर्षी ते पुन्हा नर होऊ शकतं, किंवा फुलतच नाही. आता तुमचा प्रश्न परत वाचा. तुम्ही ‘मोठा, दमदार कंद’ म्हणताय. उपटणारा प्रत्येक जण तोच निवडतो. म्हणजे त्या उतारावरून दर वेळी नेमकी बी देणारी मादी जाते आणि मागे पोरंसोरं उरतात. शेकड्याने फुलं दिसतात तिथेही बी धरणारी त्यांतली थोडीच असतात.

त्या पांढऱ्या फण्याच्या आत काय चालतं तेही सांगतो, कारण ते पाहिल्यापासून मी या झाडाचा झालोय. फण्याच्या नळीत चिलटं शिरतात. सापकांद्याच्या कुळातल्या बऱ्याच जातींत नर फुलाच्या नळीला बुडाशी बारीक फट असते. चिलट परागाने माखून तिथून निसटतं. मादीच्या नळीला ती फट नसते. नराकडून पराग घेऊन आलेलं चिलट तिथे अडकतं, धडपडतं, आणि त्या धडपडीत पराग लागतो. जूनच्या चिखलात गुडघे टेकून भिंगाने हे बघावं. तासभर कसा जातो कळत नाही.

लावायचंच असेल तर बियांपासून लावा. पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी कणसासारखा फळांचा दांडा पिकून लालभडक होतो. बीसुद्धा अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या जागेतून घ्यायचं नाही. खासगी रानातून, मालकाला विचारून, एका दांड्यावरची चार-सहा फळं घ्या, बाकीची तिथेच राहू द्या. आमच्या वेल्ह्याच्या रानातलं बी मी वाचकांना देतो, त्यासाठी मासिकाच्या पत्त्यावर लिहा. गर धुताना हातमोजे घाला. या कुळातल्या झाडांत सुईसारखे बारीक क्षार असतात, हाताला प्रचंड खाज सुटते. धुतलेलं बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा आणि मृगात पेरा, अर्धा इंच खोल. मातीत कुजलेला पाला कळलावीपेक्षा जास्त, निम्मा तरी हवा. ऊन सकाळचं, तेही गाळलेलं.

पहिल्या वर्षी एक इवलंसं पान येईल आणि दसऱ्याच्या सुमारास तेही जाईल. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्याच्या आधी फुलाची आशा धरू नका. फूल आलं तर ते नर असेल. मादी दिसायला आणखी थांबावं लागेल. ज्याला हे थांबणं जमत नाही त्याने सापकांदा ताम्हिणीतच बघावा, दरवर्षी जावं. तोही या झाडावर प्रेम करण्याचा चांगलाच प्रकार आहे.

प्रश्न : बाणेरला आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत कारवी लावायची आहे. सात वर्षांनी फुलते हे माहीत आहे. रोपं मिळतील का?

रोपं मिळतील, पण सोसायटीच्या सभेत हे आधी सांगा की कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून मरते. निळ्या-जांभळ्या फुलांचा तो एक हंगाम झाला की कुंपण वाळलेलं दिसेल. वाळकी बोंडं पुढच्या पावसाच्या ओलीने तडतडून फुटतात आणि बी उडतं. तेव्हा फुलून गेली म्हणून लगेच तोडायची नाही, एक पावसाळा तशीच उभी ठेवायची. माळ्याला हे लिहून द्या, नाहीतर तो साफसफाईत सगळं काढून टाकेल. एकट-दुकट झुडूप लावू नका, दाटीने पट्टा लावा. आणि सात वर्षं तिथे गाड्या लावायला जागा हवी म्हणून कुणी मागणी करणार नाही अशीच जागा निवडा.

प्रश्न : औंधहून लिहितेय. कंदीलपुष्प आणि शिंदळ माकुडी या दोन दुर्मीळ वनस्पती घरी वाढवणं योग्य आहे का? आपण वाढवल्याने त्यांचं भलं होतं की वाईट?

फार नेमकं विचारलंत, आणि दोन झाडांची दोन उत्तरं आहेत.

शिंदळ माकुडीचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने ती जुन्नर भागात शोधली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचं नाव तिला दिलं. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कातळकड्यांवरच ती आहे, जगात इतरत्र कुठेही नाही. एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत तिचं नाव होतं. आता गंमत बघा, एवढी दुर्मीळ वनस्पती कुंडीत मात्र सहज येते. मांसल काडी तोडायची, जखम सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवायची आणि विटेचा चुरा, जाड वाळू, थोडी माती यात खोचायची. पावसाळ्यात पानं येतात, मग किरमिजी चांदणीसारखी फुलं, त्यांवर पिवळे ठिपके. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या राहतात, तेव्हा पाणी जवळजवळ बंद. कातळावरची ही वनस्पती आहे, तिला उपाशी ठेवलेली चालते.

कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आवारात ती फार वर्षांपासून जोपासली गेली आहे आणि आज पुण्यातल्या हौशी लोकांच्या गच्च्यांवरही आहे. अशा वाढवलेल्या झाडाची काडी कुणी दिली तर बिनदिक्कत घ्या, वाढवा, वाटा. काडी काडीने ती जितक्या घरांत जाईल तितकं कड्यावर चढून ती ओरबाडण्याचं कारण कमी होईल. फक्त एक लक्षात असू द्या. एकाच झाडाच्या काड्या म्हणजे एकच झाड. शंभर गच्च्यांवर ते असलं तरी कड्यावरच्या झाडांतला वेगळेपणा त्यात येत नाही. कड्याचं काम कड्यालाच करावं लागतं.

कंदीलपुष्पांचं तसं नाही. ही सेरोपेजिया कुळातली नाजूक झाडं, सह्याद्रीत त्यांच्या अनेक जाती आणि त्यांतल्या कित्येक अगदी थोडक्या डोंगरांपुरत्या. फुलाची रचना बघत राहावी अशी असते. खाली फुगीर कुपी, वर नळी, आणि शेंड्याला पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. वासाने माशी आत उतरते. नळीतले केस खालच्या दिशेने असतात, त्यामुळे तिला वर येता येत नाही. फूल जुनं होऊन केस सुकले की ती सुटते, तोवर तिला परागाच्या पुड्या चिकटलेल्या असतात. पुढच्या फुलात ती पुन्हा शिरते, म्हणूनच बी धरतं.

याचे कंद गोडसर लागतात. गुराखी पोरं ते उकरून खात, मीही खाल्लेत. गुराख्यांच्या खाण्याने हे झाड संपलं असतं तर कधीच संपलं असतं. खरं नुकसान डोंगर फोडणं, वणवे आणि अलीकडे फोटोपाठोपाठ येणारे कंद-शौकीन यांनी होतंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी आयुष्य घालवून या जाती शोधल्या, वाढवल्या आणि मूळ जागी परत नेऊन लावल्या. हे काम तशा माणसांचं आहे. कुठल्या डोंगरातली कुठली जात याची नोंद नसेल तर कुंडीतल्या कंदीलपुष्पाचा रानाला काही उपयोग नाही. म्हणून कुणी ‘दुर्मीळ कंद’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. विकत घेतलं की उद्या तो आणखी दहा खणून आणतो. बियांपासून वाढवणारा ओळखीचा असेल तर खर्तुडीसारखी पुष्कळ ठिकाणी आढळणारी जात घ्या. शिंगासारख्या जोडशेंगा धरल्या की त्यांवर जुन्या मलमलीची छोटी पिशवी बांधा. शेंग उकलली की बी कापसाच्या झुपक्यावर बसून उडून जातं आणि हाती काही उरत नाही.

प्रश्न : जमिनीवर येणाऱ्या आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, कुंडीत कशा लावाव्यात? विमाननगर.

लावू नयेत. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात कोंबाला पुरेल असा साठाच नसतो. मातीतली विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. झाड मोठं झालं तरी तिच्याशी त्याचा संबंध सुटत नाही. कंद आणला तरी ती माती, तो उतार, ते गवत आणता येत नाही. आणलेली आमरी बहुधा एखाद-दुसरं वर्ष स्वतःच्या साठ्यावर काढते आणि मग दिसेनाशी होते. लोकांना वाटतं आपण जगवली. आषाढात पुण्याभोवतालच्या डोंगरांवरच्या गवतात पांढऱ्या आमरी येतात. गर्द गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलेल्या भागात नव्हे, तर उघड्या गवताळ उतारावर शोधा. पायवाट सोडू नका. त्या गवतात ‘वृक्षारोपण’ करायला कुणी आलं तर मात्र जरूर हरकत घ्या. गवताळ माळ रिकामा नसतो.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून रानहळद, पेव, कळलावी लावली. पण नोव्हेंबर ते मे गच्चीत नुसत्या रिकाम्या कुंड्या. सासूबाई म्हणतात, माती भरून ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या घराला शोभत नाहीत. काय करू? बिबवेवाडी.

सासूबाईंचं बरोबर आहे, सात महिने उघडी माती बघवत नाही. झोपलेल्या कुंड्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली हलवा. तिथे सावली असते, फक्त टाकी गळत नाही ना ते बघा. प्रत्येक कुंडीवर झाडाचं नाव आणि ‘पाणी नको’ असं ऑइलपेंटने लिहा, कारण घरात पाणी घालणारे हात अनेक असतात. त्या मातीत मेथी-कोथिंबीर पेरायचा मोह होईल, तो टाळा. मेथीचं पाणी कंदाला लागेल. पेव जरा निराळा आहे. तो उशिरापर्यंत हिरवा राहतो, त्यामुळे त्याला पानं असेपर्यंत आठवड्यातून एकदा चालेल.

मोकळ्या झालेल्या जागेत हिवाळ्यात फुलणारी रानझाडं ठेवा. कोरांटी लावा, ती थंडीत पिवळी फुलते आणि दुर्लक्षही सोसते. धायटी लावा. मोठी कुंडी, भरपूर ऊन आणि मुरमाड माती एवढं तिला पुरतं. पौष-माघापासून फांदीभर लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्यांवर असतात. सासूबाईंची खुर्ची तिच्याजवळ ठेवा. फुलं संपली की लगेच छाटू नका, वळीव पडून नवी फूट दिसली की मग फांद्या एक तृतीयांश कमी करा, आणि त्याच दिवशी टाकीखालच्या कुंड्या बाहेर काढा.